एक बाजू, एक ग्लास: जुन्या रॉक अल्बमसोबत कोणती क्राफ्ट बिअर?

प्रश्न: आम्ही चार मित्र महिन्यातून एकदा जमतो आणि साठ-सत्तरच्या दशकातला एखादा रॉक अल्बम एलपीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. आता सोबत क्राफ्ट बिअरही ठेवावी असं ठरतंय. कोणत्या अल्बमला कोणती बिअर जमेल? पिंक फ्लॉइडला स्टाउट आणि बाकी सगळ्यांना आयपीए, एवढं पुरे का?

उत्तर:

स्टाउट, म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी बिअर, बरोबर आहे, पण तुम्ही बहुधा ज्या कारणासाठी म्हणताय त्यासाठी नसावी. आयपीएचं, म्हणजे हॉप्सच्या फुलांनी कडवट केलेल्या इंडिया पेल एलचं, पुढे बघू, तिच्याशी माझं थोडं भांडण आहे.

मी वीसेक वर्षं बिअर बनवतोय आणि त्यातली निम्मी वर्षं अशा ऐकायच्या बैठकाही घेतोय. सुरुवातीला मीही सगळे करतात तेच केलं. काळं संगीत म्हणून काळी बिअर, उन्हाळी संगीत म्हणून गव्हाची बिअर. एकदा तर डीप पर्पलच्या 'मशीन हेड'ला, त्यात 'स्मोक ऑन द वॉटर' आहे म्हणून, जर्मनीतल्या बांबर्गच्या पद्धतीची, धुरकट माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) राउखबिअर ठेवली. मी स्वतःला फार हुशार वाटलो होतो. पहिल्या घोटाला सगळे हसले. तिसऱ्या घोटानंतर कुणाच्या तोंडात धुराशिवाय दुसरी चव उरली नव्हती, आणि जॉन लॉर्डच्या ऑर्गनकडे कुणाचं लक्षही नव्हतं. गाण्याच्या नावावरून, बाटलीवरच्या चित्रावरून किंवा बिअरच्या रंगावरून लावलेली जोडी पहिल्या दोन मिनिटांत संपते. पुढची वीस मिनिटं काय करायचं?

खरी मेख या वीस मिनिटांतच आहे. एलपीची एक बाजू साधारण 18 ते 22 मिनिटांची. थंड बिअरचा छोटा ग्लास सावकाश प्यायला तर तोही तेवढाच पुरतो, आणि तेवढ्या वेळात ती बिअर पूर्ण बदलते. सुरुवातीला थंडपणामुळे वास आणि गोडवा दबलेले असतात, पुढे असतो तो बुडबुड्यांचा चटका आणि कडवटपणा. मग कार्बन डायऑक्साइड निघून जातो, फेस बसतो, तापमान चढतं आणि आतलं माल्ट, फळांचे वास, भाजलेपणा वर येतात. अल्बमच्या बाजूलाही असाच चढ-उतार असतो. त्यामुळे जोडी लावताना मी एकच पाहतो: पहिल्या मिनिटाला तबकडी काय करतेय आणि बिअर काय करतेय, आणि विसाव्या मिनिटाला दोघं कुठे पोचलेत.

ढोबळ हिशेब असा. बुडबुड्यांचा चटका म्हणजे ड्रमवर पडलेली काठी. हॉप्सचा कडवटपणा म्हणजे गिटारची धार. माल्टचा भरीवपणा म्हणजे बास. आणि घोट गिळल्यावर मागे रेंगाळणारी चव म्हणजे आपण सतारीची आस म्हणतो ना, ती. हा हिशेब मी सोयीसाठी केलाय, पण तो अगदीच हवेतला नाही. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्यासारखे बरेच अभ्यासक यावर काम करतात. खर्जातले सूर ऐकताना लोकांना तोच पदार्थ जरा जास्त कडू लागतो आणि वरचे सूर ऐकताना जरा जास्त गोड, असं त्यांना आढळलंय. आवाज फार मोठा असला की गोडवा कमी जाणवतो, हेही प्रयोगांत दिसलंय. तुमच्यासाठी यातून एक कामाची गोष्ट निघते. मोठ्याने वाजवायच्या अल्बमला नाजूक, माल्टच्या गोडव्यावर उभी असलेली बिअर ठेवू नका, ती त्या गोंगाटात बिचारी हरवून जाईल.

आता 'डार्क साइड ऑफ द मून' (1973). इथे लोक जड, 10-11 टक्के अल्कोहोलचा इम्पीरियल स्टाउट काढतात, कारण अल्बमच्या नावातच अंधार आहे. मी साधा ड्राय, म्हणजे फारसा गोडवा नसलेला कोरडा स्टाउट घेतो, 4 ते साडेचार टक्क्यांचा, पण नायट्रोजनवरचा. या अल्बमला कडा नाहीत. पहिल्या बाजूची गाणी एकमेकांत मिसळत जातात, कुठे श्वास घ्यायलाही थांबत नाहीत. कार्बन डायऑक्साइडवाली बिअर प्रत्येक घोटाला जिभेला टोचते आणि हा ओघ तोडते. अशा नायट्रो बिअरमध्ये वायूंच्या मिश्रणाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग नायट्रोजनचा असतो. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे बारीक राहतात, फेस सायीसारखा दाट बसतो आणि टोचणं जवळपास नाहीसं होतं.

गंमत वेळेत आहे. सुई ठेवा आणि त्याच क्षणी बिअर ओता. नायट्रोचा कॅन असेल तर तो नेहमीसारखा तिरक्या ग्लासात हळूहळू न ओतता उभ्या ग्लासात थेट, जोरात ओतायचा. सुरुवातीला फक्त हृदयाचे ठोके ऐकू येतात, आणि ग्लासात बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली पडताना दिसतात. खरं तर मधला प्रवाह वर जातो आणि काचेलगतचा खाली येतो, तोच आपल्याला दिसतो. ठोक्यांमागून घड्याळं, हसणं, किंचाळी येते आणि 'ब्रीद' सुरू होतं. तोवर बिअर स्थिरावत येते, वर पांढरा थर आणि खाली काळं. तोपर्यंत कुणाला ग्लास उचलू देऊ नका. बैठकीत हा क्षण मी अजूनही बोलून खराब करत नाही. 'टाइम'मध्ये अॅलन पार्सन्सने रेकॉर्ड केलेली घड्याळं एकदम वाजू लागतात तेव्हा ग्लास अर्धा झालेला असतो आणि भाजलेल्या बार्लीची कॉफीसारखी चव येऊ लागलेली असते. शेवटी क्लेअर टोरीचा शब्दांशिवायचा आवाज. तिथे बिअर सगळ्यात मऊ असते.

मग तबकडी उलटायची. दुसऱ्या बाजूची सुरुवात 'मनी'ने, नाणी आणि गल्ल्याच्या खणखणाटाने, सात मात्रांत. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला ते पटकन पकडता येतं. गिल्मरचा गिटारचा तुकडा येतो तेव्हा ठेका चारात शिरतो आणि नंतर पुन्हा सातात. इथे मी तोच ड्राय स्टाउट देतो, पण साध्या कार्बन डायऑक्साइडवरचा. तशीच बिअर, वायू मात्र वेगळा. आता ती टोचते, आंबूस-करपट बाजू दाखवते, आणि समोरच्याला वाटतं आपण वेगळीच बिअर पितोय. दोन्ही प्रकारांत एकच स्टाउट मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर दुसऱ्या बाजूला कोणताही कोरडा, कमी अल्कोहोलचा स्टाउट चालेल.

ब्लॅक सबाथबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण इथे मी चांगलाच तोंडावर आपटलो होतो. 'पॅरानॉइड' (1970) आणि 11 टक्क्यांचा इम्पीरियल स्टाउट, तोही मोठ्या ग्लासात. 'वॉर पिग्ज' आठ मिनिटांचं आहे, तोवर मंडळी खुशीत. 'आयर्न मॅन'ला डोळे जड. दुसऱ्या बाजूला 'हँड ऑफ डूम' येईपर्यंत एक जण सोफ्यावर घोरत होता आणि उरलेले दोघं मोठमोठ्याने भलत्याच विषयावर बोलत होते. आवाजाचं वजन आणि अल्कोहोलचं वजन एकच, असं मी गृहीत धरलं होतं.

सबाथ बर्मिंगहॅमचे, कारखान्यांच्या शहरातले. टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यातच यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या आणि वाजवत राहिला. त्या भागातल्या कामगारांची बिअर होती माइल्ड: काळसर, कमी हॉप्सची, जेमतेम साडेतीन टक्क्यांची. कामाची पाळी संपल्यावर दोन-तीन ग्लास पिऊनही माणूस शुद्धीवर घरी जाईल अशी. आता मी 'पॅरानॉइड'ला डार्क माइल्डच ठेवतो, 11-12 अंशांवर. मोठ्या आवाजाला नाजूक बिअर नको, असं मघाशी मीच म्हणालो. पण माइल्ड गोडव्यावर उभी नसते, तिच्यात भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव असते आणि ती गोंगाटातही तग धरते. 'प्लॅनेट कॅरव्हॅन' हे एकच हळुवार गाणं मध्ये येतं, तेव्हा तिच्यातला चॉकलेटचा अंश अचानक कळतो. बाकी वेळ ती गप्प राहून साथ करते. क्राफ्टवाले माइल्ड फार कमी बनवतात, कारण विकत घेणाऱ्याला आकडा मोठा हवा असतो. माइल्ड मिळाली नाही तर हलका ब्राउन एल घ्या.

माइल्डवरून आठवलं, कारण हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो: हे बँडवाले तेव्हा जी बिअर पीत होते तीच का पिऊ नये? कारण ती बहुतेक वाईट होती. ज्या वर्षांत हे अल्बम निघाले, तीच वर्षं चांगल्या बिअरसाठी दुष्काळाची होती. ब्रिटनमध्ये गाळलेली, पाश्चराइज केलेली पिपातली बिअर सगळीकडे पसरली होती आणि तिच्याविरुद्ध 'काम्रा' ही पिणाऱ्यांची चळवळ 1971 मध्ये उभी राहिली. लेड झेपेलिनचा चौथा अल्बम आणि द हूचा 'हूज नेक्स्ट' त्याच वर्षीचे. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बिअरचे कारखाने शंभराच्या आत आले होते. घरी बिअर बनवायला संघराज्याच्या कायद्याने मुभा मिळाली ती 1978 मध्ये, जिमी कार्टर यांची सही झाल्यावर. म्हणजे आज आपण ज्याला क्राफ्ट बिअर म्हणतो ती या संगीताची धाकटी भावंडं. दोघांची एका काळातली गाठ शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही.

एक अपवाद आहे आणि तो माझा सगळ्यात लाडका. फ्लीटवूड मॅकचा 'रूमर्स' निघाला 1977 मध्ये, पण त्याचं बरंचसं रेकॉर्डिंग 1976 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सॉसॅलिटोत झालं. त्याच वर्षी तिथून थोड्याच अंतरावर, सोनोमात, जॅक मॅकऑलिफ यांनी न्यू अल्बियन नावाची छोटी ब्रुअरी काढली. ती काही वर्षांत बंद पडली, पण अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरची गोष्ट सांगताना बरेचदा तिच्यापासूनच सुरुवात करतात. तिथल्या एलमध्ये कॅस्केड नावाचे हॉप्स वापरत. ते 1972 मध्ये बाजारात आलेलं नवं वाण, ग्रेपफ्रूट आणि फुलांच्या वासाचं. तेव्हा 'रूमर्स'ला कॅस्केडवाला अमेरिकन पेल एल, 5 टक्क्यांच्या आसपासचा. भूगोल जुळला म्हणून मी हे सांगत नाहीये, नुसता भूगोल म्हणजे पुन्हा राउखबिअरचीच गोष्ट. या अल्बमच्या चाली गोड आहेत, तीन आवाज एकमेकांत साखरेसारखे विरघळतात, आणि शब्द मात्र मोडलेल्या संसारांचे. जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही विभक्त झालेले, बकिंगहॅम आणि निक्स यांचं नातं तुटलेलं, आणि ते एकमेकांबद्दल लिहिलेली गाणी एकमेकांसमोर गातायत. चांगला पेल एलही असाच असतो. नाकाला फुलं आणि फळं, जिभेवर थोडा गोडवा, आणि घोट गिळून झाल्यावर मागून येणारा कडवटपणा. 'ड्रीम्स'ला पहिला मोठा घोट घ्या आणि कडवटपणा कधी पोचतो ते बघा.

झेपेलिनच्या चौथ्या अल्बमला इंग्लिश स्ट्राँग बिटर, म्हणजे तिकडच्या पबमधला जरा कडवट एल. पहिली बाजू 'ब्लॅक डॉग'च्या धडाक्याने सुरू होऊन 'स्टेअरवे'पर्यंत जाते, आणि ते गाणं आठ मिनिटं तिळातिळाने चढत जातं. बिटरही ऊब चढेल तशी उलगडते, म्हणून ही बिअर थंडगार देऊ नका, 10 अंशांवरच सुरू करा. दुसऱ्या बाजूच्या शेवटी 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' आहे. त्याचे ड्रम्स हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या जिन्याच्या पायथ्याशी ठेवले होते आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले होते. त्या आवाजाला जी प्रचंड आस आहे ती भिंतींची आहे. त्या एका गाण्यासाठी मी बार्ली वाइन उघडतो (नाव वाइनचं, पण आहे ती जड, जास्त अल्कोहोलची बिअरच), प्रत्येकी फार तर 100 मिली. आधीच्या 'गोइंग टू कॅलिफोर्निया'त, सगळं शांत असताना, ओतून घ्यायची.

एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' (1980) म्हणजे पिल्सनर, जर्मन पद्धतीची, कोरडी, 5-6 अंशांवर. या अल्बमवर चरबीच नाही. दोन गिटारांच्या मधे मोकळी जागा ठेवलीय आणि तीच वाजते. कव्हर काळं आहे म्हणून स्टाउट देणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. 'सार्जंट पेपर'ला बव्हेरियन गव्हाची बिअर: तिच्यात केळं आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, सगळी करामत यीस्टची. चार ट्रॅकच्या यंत्रावर अख्खी सर्कस उभी करणाऱ्या अल्बमला ही बनवाबनवी शोभते. रोलिंग स्टोन्सच्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'च्या चार बाजू आहेत, म्हणून एक मोठी बाटली चौघांत वाटून घ्या, आणि ती गूझ असावी. गूझ म्हणजे एक, दोन, तीन वर्षं मुरलेल्या लँबिक या आंबट बेल्जियन बिअरचं मिश्रण. 'एक्झाइल'मध्येही 1969 पासूनचे तुकडे, फ्रान्समधल्या तळघरातल्या रात्री आणि लॉस एंजेलिसमधली शेवटची डागडुजी एकत्र आलंय. दोन्ही जरा मळकट आहेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला किंवा पिणाऱ्याला आवडतीलच असं नाही.

आता आयपीए. वाईट नाही, पण तिचा कडवटपणा साचत जातो. एका ग्लासानंतर जीभ बोथट होते आणि पुढची कोणतीही बिअर पाण्यासारखी लागते. म्हणून आयपीए बैठकीच्या शेवटी. मला ती 'हूज नेक्स्ट'ला आवडते, स्वच्छ, पारदर्शक, धारदार वेस्ट कोस्ट प्रकारची. त्या अल्बममध्येही सगळं लख्ख दिसतं. पहिल्याच 'बाबा ओ'रायली'मधला ऑर्गनचा फिरता तुकडा ऐका. ते नाव मेहेर बाबा आणि संगीतकार टेरी रायली यांच्यावरून घेतलंय, आणि पीट टाउनशेंड मेहेर बाबांचा भक्त होता. गढूळ, ज्यूससारखी हेझी आयपीए मात्र इथे नको, ती सगळ्या कडा बुजवते. आणि आयपीए ताजी हवी. भरल्याची तारीख तीन महिन्यांपलीकडची असेल तर हॉप्सचा वास बहुतेक गेलेला असतो आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो.

थोडं व्यवहाराचं. ग्लास 200 मिलीपेक्षा मोठा नको. 5 टक्क्यांच्या बिअरचे 200 मिली म्हणजे 10 मिली शुद्ध अल्कोहोल, चार बाजूंचे 40. एका संध्याकाळी दोन अल्बम पुष्कळ झाले. मध्ये पाणी ठेवा, आणि गाडी चालवणाऱ्याला बिअर नाही, फक्त तबकडी. ग्लासाला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही, म्हणून नीट धुऊन उलटे निथळू द्या. तबकडी हाताळणाऱ्याने ग्लास आधी खाली ठेवायचा. थंड ग्लासाला सुटलेलं पाणी कव्हरवर पडलं की त्याचा डाग कायमचा राहतो. टर्नटेबलच्या फळीवर तर ग्लास ठेवूच नका. आणि खिडकीतलं ऊन टाळा. उन्हाने एलपी वाकते आणि हॉप्सवर ऊन पडलं की बिअरला कुबट वास येतो, हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत तर काही मिनिटांत. दोन्ही गोष्टी अंधारात, गार जागी, उभ्या ठेवायच्या असतात. एकाच कपाटात मावतात.

पहिल्या बैठकीला 'रूमर्स' आणि मग 'डार्क साइड', याच क्रमाने करा. पेल एल दोन्ही बाजूंना एकच चालेल. नायट्रोचे कॅन मात्र माणसांपेक्षा एक जास्त आणा, जोरात ओतायची सवय नसेल तर पहिला टेबलावर सांडतोच.